वजा बत्तीस

रविवार पेठेतला कडेमनी विचारायचा,
"सर, परत दहा किलो उप्पु?
केवढं लोणचं घालताय ओ तुम्ही?"
मी सर नव्हे. भरमा निलजकर, प्रयोगशाळेतला शिपाई.
आणि लोणचं नव्हतंच.
अनगोळला मॅडमच्या गच्चीवर तेलाचे अठरा डबे,
डब्यांत तिवर, कांदळ,
त्यांना मी झारीनं मिठाचं पाणी घालायचो.
पलीकडच्या गच्चीवरून यल्लूबाई म्हणायची,
अशानं झाडाचा तळतळाट लागतो.

डॉक्टर हेमलता मुचंडीकर.
बेळगावात बसून
खाडीतल्या झाडांची तहान मोजणारी बाई.
रात्री अकराला जीप निघायची.
मागच्या सीटवर नायट्रोजनचं नळकांडं,
त्याला माझी जुनी घोंगडी गुंडाळलेली,
आजाऱ्याला नेतात तसं.
कणकुंबीला थांबून थर्मासमधला चहा.
एका बंद दुकानाच्या कौलांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या,
"या बाजूच्या पन्हळीचं पाणी मलप्रभेत जातं,
त्या बाजूचं गोव्यात.
असं म्हणतात. मी मोजलेलं नाही."

चारला खाडीत. गुडघाभर चिखल,
चिखलातून वर आलेली श्वासमुळं,
त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आमची चोरपावलं.
चारलाच का?
तर रात्रभर झाड आणि माती घासाघीस करतात,
पहाटेपर्यंत दोघांची तहान एक होते.
ऊन आलं की झाड पुन्हा एकटं.

डहाळी कापायची.
पानं आत, देठ बाहेर,
कुकरसारख्या पोलादी भांड्याचं झाकण आवळायचं.
मी चावी सोडायचो, तीळ तीळ.
त्या देठाच्या कापाला भिंग लावून बसलेल्या,
डास चावला तरी हलत नसत.
मग कापावर ओल चमकायची.
"बस्स!"
मी टॉर्च तोंडात धरून वहीत लिहायचो:
वजा बत्तीस.

"वजा का ओ, मॅडम?"
"झाडात पाणी खालून कोण ढकलत नाही, भरमा.
वरून ओढलं जातं. पोहऱ्याचा दोर ताणतो तसं."

एकदा एप्रिलात
निलजीहून परड्यातल्या फणसाची डहाळी आणली,
ओल्या फडक्यात, सायकलवरून, उजाडायच्या आत.
आमच्या विहिरीचा तळ दिसत होता तेव्हा.
म्हटलं, बघा तरी आमचं झाड किती तहानलंय.
वजा सहा.
मी आकडा दोनदा पुसून लिहिला.
सुकत्या विहिरीजवळचा फणस वजा सहा,
आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं तिवर वजा बत्तीस.
त्या दुपारी मी भाकरीवर मीठ घेतलं नाही.
बायको म्हणाली, ताप आलाय काय?

डबे धुताना त्यांनीच सांगितलेलं एकदा,
"मीठ आवडतं म्हणून ते तिथं राहत नाही.
गोड्या पाण्यातही जगेल की.
पण गोड्या पाण्याकाठी गर्दी फार,
उंच झाडं याला ऊन मिळू देत नाहीत.
मग हे सरकत सरकत खाऱ्यात गेलं,
आणि शिकलं."
पुढं काही बोलल्या नाहीत.
डबा पालथा घालून बुडाचा गंज खरवडत राहिल्या.

मॅडम गेल्या मार्गशीर्षात.
बत्तीस वह्या होत्या की तेहतीस, आठवत नाही,
त्या भाच्यानं धारवाडला नेल्या.
भांडं भंगारात गेलं, दोनशे दहा रुपयांना.
खिशात दोनशे होते माझ्या.
दहा रुपये कुणाकडं मागायला लाज वाटली,
ती अजून वाटते.

अठरापैकी एक तिवर माझ्या परड्यात आहे,
फणसापासून चार हात लांब.
कडेमनीकडं जाणं थांबलंय.
मी त्याला विहिरीचंच पाणी घालतो, मीठ न घालता,
आणि चुकतंय की काय म्हणून रोज बघतो.

आज नवी दोन पानं आली.
पहाटे चारलाच उठलो, सवय.
पान चिमटीत धरून जीभ टेकवली.
किंचित खारट.
आता ते त्याचं,
की माझ्या बोटांचं.