शाणो

माझा भाऊ नरहरी, वय एकतीस,
देवगडच्या जेटीवर रोज सकाळी उभा राहायचा,
बर्फाच्या गाडीपासून चौदा पावलं लांब
(बर्फ फोडल्याचा आवाज त्याच्या दातांत शिरतो),
आणि आत येणाऱ्या ट्रॉलरांचे नंबर लिहायचा.
एक दिवस, एक पान.
नंबर, वेळ, उतरलेला मासा,
आणि रंगाचे पोपडे निघाले असतील तर तेही.

लिहिता लिहिता डोलायचा.
पुढे, मागे. डाव्या हाताची बोटं कानाशी फडफडायची.
लिलावाच्या बायका हसायच्या, मग हसेनाशा झाल्या,
मग त्यालाच विचारू लागल्या,
परवा 'भाग्यवती' किती वाजता लागली रे?

जून-जुलैत मासेमारी बंद.
तरी तो जायचा. तारीख घालून लिहायचा: आज शून्य.
दोन महिन्यांची एकसष्ट शून्यं,
बांगड्याच्या डोळ्यांसारखी गोल.

यंदा मे महिन्यात तो डोलायचा थांबला.

कोणाच्या लक्षात आलं नाही असं म्हणणं खोटं.
सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळे खूश झाले.
आई पाणंदीत उभी राहून सांगायची,
"शाणो झालो माझो झील. आता हात हलवणा नाय,
पंखो बंद कर म्हणणा नाय."
रवळनाथाला नारळ ठेवून आली.
मामा म्हणाला, आता पोरगी बघूया.
आमटी भाताला लागली की ताट सारायचा तो,
आता कालवून दिलेलं गिळायचा,
आणि आम्ही त्याला सुधारणा म्हटलं.
मीही. पतपेढीतली, शिकलेली बहीण.
मीही त्याच महिन्यात पहिल्यांदा
तो घरात असताना मिक्सर लावला.

नारळी पुनव झाली. होड्या सुटल्या.
इंजिनांची धडधड आमच्या पडवीपर्यंत येते.
तो भिंतीकडे तोंड करून निजलेला.
मी वही उघडली.
एकोणीस मे: सात ट्रॉलर, कोळंबी, म्हाकुल.
त्यानंतर शून्यही नाही.

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी तक्ता पुढे केला,
पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
"यातला तू कोणता?"
"मी यात नाही."
"उदास वाटतं?"
तो छताकडे बघत राहिला.
बाई उठल्या, पंखा बंद केला,
परत येऊन बसल्या. काही विचारलं नाही.
बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव दोनदा पुकारून थकला.
मग नरहरी म्हणाला,
"वहीत एकशे बारा पानं कोरी आहेत."
"म्हणजे शून्य?"
"शून्य नाही. शून्य मी लिहितो.
हे कोरं."

परतीच्या गाडीतून खाडी दिसली, ओहोटीची.
एक पात चिखलात रुतून उभी,
सरळ, गप, शहाणी.

गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी कणकवली.
जेटीवर जा असं कुणी म्हणायचं नाही, हा नियम
मी दारामागे खडूने लिहिला; आईने तो दोनदा मोडला.
दिवाळी आली, गेली. काहीच झालं नाही.
एकदा त्याने आमटीची वाटी वेगळी मागितली.
एकदा दिवसभर रडला, कशाबद्दल ते सांगता येईना,
मी शेजारी बसले, हात न लावता.
पुन्हा आठ दिवस भिंत.

मग एका सकाळी, मी डबा भरत असताना,
आई पडवीतून धावत आली, डोळ्याला पदर,
"अगो, काय करू मी? परत लागलो डोलूक!"

मी चौकटीपाशी थांबले.
पाठमोरा बसला होता, वही मिटलेलीच बाजूला.
पुढे. मागे.
पुढे. मागे.
डावा हात अजून मांडीवर, पण एक बोट हलत होतं.

मी आत गेले
आणि मिक्सरची वायर भिंतीतून काढली.