पुढील भेट

फॉर्मवर तीनच गोष्टी लिहायच्या असतात :
जखमी कशात बसला होता – बसमध्ये.
टक्कर कशाशी – रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनाशी.
भेट – पहिली की पुढील.
हिल्का साइयेत्सच्या नावापुढे
नोव्हेंबरपासून मी 'पुढील' लिहिते आहे.

पहिली भेट माझी नव्हतीच.
ती हेलिकॉप्टरवाल्यांची, टाके घालणाऱ्यांची,
ज्यांनी तिच्या जाकिटाची बाही कात्रीने उभी कापली
तेव्हा ती म्हणाली म्हणे,
अहो, शिवणीवर कापा,
शिवता तरी येईल मग.

माझ्याकडे ती येते सगळं निवळल्यावर,
मंगळवारी साडेदहाला,
कामानेनहून इवालोला, सत्तर किलोमीटर.
डावं मनगट टेबलावर ठेवते
शेजारणीनं सांभाळायला दिल्यासारखं.
वळवा, मी म्हणते. ती वळवते.
मी कोन मोजते. पस्तीस. चाळीस.
नाताळानंतर पुन्हा पस्तीस.

ऑगस्टमधलं ती सांगते ते दर वेळी तेवढंच :
टपालाची बस, मागच्या बाकावर कुणाचे तरी टायर,
तिच्या मांडीवर बादली,
दलदलीत दोन दिवस वाकून वेचलेल्या पिवळ्या बेरींची.
आधी रेनडियर आले. ड्रायव्हरनं थांबून त्यांना जाऊ दिलं,
पुन्हा गिअर टाकला,
आणि बर्चच्या झुडपातून त्यांच्यामागे ती चारचाकी,
चिखलात चालणारी, पुढे रस्ता आहे हे विसरलेली.
"छतापर्यंत बेरी," हिल्का म्हणते.
"आणि मी वेडी, दांडा सोडून बादली धरायला गेले."

मनगटाचं मला कळतं.
कपाचं कळत नव्हतं.
बाहेर स्नोमोबाइल सुरू झाली की
ती कॉफीचा कप खाली ठेवते,
आवाज तळ्यापलीकडे जाईस्तोवर थांबते,
मग उचलते.
याला कोन नाही. रकानाही नाही.

आणि ती बसनं येत नाही
हे मला फेब्रुवारीत कळलं.
इतके मंगळवार, मी विचारलंच नव्हतं.
खिडकीतून दिसली एक निळी गाडी,
उणे सत्तावीसात इंजिन बंद करून
आत एक पोरगा, टोपी भुवयांवर.
आत बोलवा ना त्याला, मी म्हणाले.
"येत नाही. नीलास तो."
मग जरा थांबून,
"तोच तो."

लायसन्स मिळालं त्या आठवड्यात दारात येऊन उभा राहिला म्हणे.
बोलेना.
"म्हटलं, उभाच आहेस तर गाडी काढ."

जाताना सत्तर, येताना सत्तर. बोलता काय?
"काही नाही.
त्याचा खांदा दुखतो.
सांगत नाही, पण गिअर टाकताना दिसतं."

मी दवाखान्यातल्याच चपलांवर बाहेर गेले, बर्फात.
काच चार बोटं खाली आली.
"चूक माझी होती," तो म्हणाला.
मी खांद्याचं विचारलं.
"चूक माझी होती."
मी पुन्हा खांद्याचं विचारलं.
पाय आता कळेनासे झाले होते.
त्यानं ते पाहिलं, आणि माझी कीव येऊनच बहुतेक
दार उघडलं.

नवा फॉर्म घेतला.
जखमी कशात होता – रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनात.
टक्कर – बसशी.
भेट – इथे माझं पेन अडलं.
सहा महिने झाले होते.
पहिली, लिहिलं.

"बाही कापू नका हं त्याची,"
हिल्का बाहेरच्या बाकावरून.
कापायचं काही नव्हतंच, मी त्याचा हात नुसता वर नेत होते,
साठ, सत्तर,
तेवढ्यात पार्किंगमध्ये कुणीतरी स्नोमोबाइल सुरू केली.
बाहेर कप टेकल्याचा आवाज आला.
त्याचा श्वास थांबलेला माझ्या हाताला कळला.
मीही तो हात तसाच धरून ठेवला, हवेत,
आवाज तळ्यापलीकडे जाईस्तोवर.

पंचाहत्तर.