आठ मिलिमीटर

बंपर आला विंडहुकहून, मेंढ्यांच्या लॉरीत.
एका कोपऱ्यावर लेंडी वाळलेली,
दुसऱ्यावर कुणाच्या तरी गाडीचा हिरवा रंग.
सिस्टर गोआगोसेसची हायलक्स पांढरी, सोळा वर्षांची,
आणि या बंपरशी तिची ओळख ना देख.
भोकं एकीकडे, चॅसी दुसरीकडे.

"ब्रॅकेट तयार मिळतात ना?" मी विचारलं.
"मिळतात," तुहाफेनी म्हणाला,
"ज्या गाडीला कधी काही झालं नाही, तिच्यासाठी."

औट्जोतली सकाळ. शेडमधली जमीन उतरती,
तिच्यावर पाणसळीचा काय भरवसा!
त्यानं ओळंबा सोडला,
ऑइलचे डाग टाळून फरशीवर खडूच्या खुणा केल्या,
मग दोरी धरली, कर्णात, एकदा अशी, एकदा तशी.
उजवी बाजू बरोबर.
डावी आठ मिलिमीटर आत.

आठ मिलिमीटर म्हणजे
करंगळीसुद्धा पुरती मावत नाही.
तो आडवा झाला, गाडीखाली सरकला,
आणि अंगठा ठेवला
जिथं रंगाला बारीक सुरकुत्या होत्या.
"कुडू?"
"कुडू," सिस्टर म्हणाली. "खोरिखासच्या वाटेवर, रात्री.
मागे अडलेली बाई होती."
पुढचं तिनं सांगितलं नाही.
त्यानं फक्त वेग विचारला,
आणि ऐंशी हा आकडा खडूनं टायरवर लिहिला.

मी म्हटलं, साखळी लावून ओढू, करू सरळ.
"वाकलेलं पोलाद उलटं वाकवलं
की वरून सरळ दिसतं, आतून चिरतं.
राहू दे. डावं ब्रॅकेट आठनं लांब कर."
"म्हणजे मापात पाप?"
"छे. झालं त्याचं माप."

मग मक्याच्या पिठाचं खोकं फाडलं.
पुठ्ठा कापला, लावून पाहिला, कापला,
स्टिअरिंगच्या पाइपला घासला, पुन्हा कापला.
पुठ्ठा चुकला तर चहा गार होतो,
लोखंड चुकलं तर आठवडा जातो.
चौथा पुठ्ठा बसला.
त्याची कड पत्र्यावर उतरवताना
तुहाफेनी जीभ दातांत धरून बसतो,
लहान पोरासारखी.

ग्राइंडरची ठिणगी माझ्या मोज्यात गेली.
त्यानंतर बराच वेळ मी एका पायावर.

"आधी डाग. चारच. सलग ओढशील तर
पट्टी तापून तुझ्याकडे वळेल,
जिथं ऊब, तिथं कल, तिचंही तसंच.
इथं एक टाका, मग समोर, मग थांब."
थांबणं मला जमत नाही. त्या दिवशी शिकलो,
हात काखेत घालून.

भोक एकच गोल, बाकीची लांबट:
बसवताना इकडेतिकडे सरकायला वाव हवा.
पट्टी सहाची. मी दहाची आणली होती,
त्यानं ती परत ठेवायला लावली.
"सगळंच भक्कम केलंस तर धक्का जाईल कुठं?
कुडू काय, पुन्हा येईल.
तेव्हा पहिल्यांदा माझं ब्रॅकेट वाकू दे,
मग हवं तर चॅसी.
सिस्टरपाशी पोचेपर्यंत
त्याच्या अंगात काही उरायला नको."

चार वाजता बंपर चढला.
समोरून पाहिलं तर ओळीत, जन्मापासून असल्यासारखा.
खाली वाकून कुणी पाहत नाही.
सिस्टरनं पाहिलं. गुडघे टेकून, युनिफॉर्मसकट.
ओल्या काळ्या रंगाला बोट लावलं,
बोटाकडे पाहत राहिली,
आणि पैसे मोजताना प्रत्येक नोटेवर
तेवढाच ठसा उमटत गेला.

पुठ्ठे मी खिळ्याला अडकवले.
उजवा नंतर तीन गाड्यांना चालला,
कडा मऊ पडल्या, एकदा कुणीतरी त्यावर पाव ठेवून खाल्ला.
डावा कुणालाच लागत नाही.
त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय: सिस्टर, डावं.
झाडताना मी तो उतरवतो,
धूळ फुंकतो,
परत लावतो.