नोंद: एब्लेट, जहाजाचा सुतार

पेनहॅलिक समुद्रावर कधी गेलाच नाही.
फॅलमथहून पलीकडे जाणारी फेरी, वीस मिनिटांची,
तेवढ्यातही त्यानं स्वतःच्या टोपीत ओकून ठेवलं,
असं त्याची मुलगी इझेला सांगते, आणि हसत नाही.
अकरा कादंबऱ्या. वादळं मी मोजलीत, चौदा.
सगळी पेनरिनमधल्या एका स्वयंपाकघरात उठलेली.
ओल्या पाटीवरून सुपाची बशी सरकवून बघायची,
जहाज किती कललं की माणूस पडतो.
बायकोच्या चादरी दोरीला चिमट्यांनी अडकवून
वारा कुठल्या कुशीवर घ्यायचा ते ठरवायचं.
ती ओरडायची, पाऊस येतोय, काढू दे.
तो म्हणायचा, थांब, अजून जहाज वळलेलं नाही.

मी त्या पुस्तकांचा सोबती लिहितेय.
म्हणजे कोश, नकाशे, माणसांची यादी,
कुठल्या पानावर किती वाव पाणी,
परबाण कशाला म्हणतात, फटींत काथ्या कसा ठोकतात,
ग्रॉगमध्ये रम किती आणि पाणी किती.
निवृत्त बंदर-वाटाड्या ट्रेलोअर
दर मंगळवारी मला एक चूक पाठवतो:
पाचव्या पुस्तकात सतरा ऑक्टोबरला पौर्णिमा आहे,
त्या रात्री चंद्र नखाएवढा होता.
मी जुनं पंचांग काढते. त्याचं खरं असतं.
तसं लिहून ठेवते. चंद्र काही कापत बसत नाही.

पण एब्लेट.
तिसरं पुस्तक, पान दोनशे आठ,
तोफगोळ्यानं उडवलेली ओकची ढलपी मांडीत घुसते.
शिडाच्या कापडात शिवतात त्याला,
पायाशी दोन गोळे, शेवटचा टाका नाकातून,
मेल्याची खात्री म्हणून.
कप्तान टोपी काढतो. पाणी मिटतं. चार ओळी.

सातवं पुस्तक, पान एकोणनव्वद,
तोच एब्लेट, डाव्या हाताची तीच तुटकी करंगळी,
तळातून वर येतो, मांड्यांपर्यंत भिजलेला,
आणि म्हणतो, "साडेतीन फूट, साहेब. वाढतंय."

कुणी म्हणतं, भाऊ असेल.
कुणी छापखान्यावर ढकलतं.
ट्रेलोअरनं याबद्दल अजून एकदाही लिहिलेलं नाही.

इझेलानं वही दिली, निळी, कडांना चहाचे डाग.
सातव्याचा कच्चा खर्डा. त्या पानावर
नव्या सुताराला पाच नावं, पाचही खोडलेली.
होस्किंग. बॉसांको. पुढची वाचता येत नाहीत,
निब कागदातून आरपार गेलंय.
समासात: पाणी चढतंय, भोक कोण बुजवणार?
खाली, दुसऱ्या शाईत: त्यालाच बोलवा.

म्हणजे माहीत होतं त्यांना, मी म्हटलं.
इझेला म्हणाली, हो तर. जेवताना बोलले होते,
नव्या पोरांना लाकडाचा आवाज कळत नाही.
मग मीठ मागितलं.

संपादकाला खुलासा हवाय. सोमवारपर्यंत.

एकतीस वर्षं मी बंदरावरच्या नकाशांच्या दुकानात
आठवड्याच्या दुरुस्त्या जांभळ्या शाईनं चढवल्या.
कुण्या कप्तानाला धुक्यात एकदाच दिसलेला खडक,
पुढे कुणालाच न सापडलेला,
आम्ही खरवडून काढत नसू.
शेजारी बारीक अक्षरात लिहायचं, अस्तित्व शंकास्पद,
आणि भली भली जहाजं वळसा घालून जायची.

तर नोंद अशी:
एब्लेट, सॅम्पसन. सुतार. डाव्या हाताला चार बोटं.
मृत्यू, पुस्तक तिसरे.
कामावर हजर, पुस्तक सातवे ते अखेर.
पाहा: गळती.