आधी कोणतं

मस्कतला डॉक्टर लुब्ना कागदावर दोन बाण काढतात.
हे आधी दिलं तर जंतूंना दार सताड उघडं,
ते आधी दिलं तर चव जाईल, नखं सोलवटतील.
आणि क्रम चुकला तर?
त्या पेनाला टोपण लावतात.

बरक्याच्या प्लांटवर सव्वीस वर्षं
तू समुद्र गोडा करत आलास.
आधी वाळू, मग पडदा;
उलट केलंत की पडदा मेलाच,
असं नव्या पोरांना दटावायचास.
तुझ्या हाडांतल्या पेशी
त्या वर्गाला बसल्या नव्हत्या.

घरी येऊन नळाचं पाणी
बराच वेळ तोंडात घोळवलंस.
"किंचित खारट."
मग म्हणालास, "चव शेवटी जाऊ दे."

बुधवारभोवती मी पेन्सिलीनं गोल केला.
तेव्हा आठवलं,
सुरमई गाडीतच राहिली होती,
उन्हात.