पाच जीव

बोट घसरलं तिचं.
दाबायचं होतं इंग्रजीवर, दाबलं गेलं खालच्या चौकोनावर:
कुंकू, हळद, कुंकू, असे आडवे पट्टे.
आणि माझ्या तडकलेल्या मोबाईलमधून
टोपी घातलेला एक बेडूक म्हणाला, ओला!
वनिता म्हणाली, बेडूकच तो, ओलाच असणार.

बदलून देतो म्हटलं, तर नको.
तेव्हापासून कोपरखैरण्यात, माथाड्यांच्या बैठ्या घरांत,
पोटमाळ्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून
ईश्वरी शिकते एक भाषा
जी आमच्या अख्ख्या लाइनीत
कुणाच्या बापाची नाही.

खेळ सोपा आहे. तळं, कमळाची पानं, बेडूक.
शब्द बरोबर आला की पुढच्या पानावर उडी,
चुकला की डुबुक.
पाच वेळा डुबुक झालं की खेळ बंद.
पहिल्या आठवड्यात एकदा मी मार्केटमधून आलो,
चप्पल काढतोय तोवर ती दारातच म्हणाली,
बाबा, माझे सगळे जीव संपले.
काळजात चर्र झालं.
मग कळलं, चार तास थांबलं की एक जीव परत मिळतो.
बावीस वर्षं गोणी उचलतोय मी,
असा हिशेब मला कुणी दिला नव्हता.

पिशवीतून तिनं बटाटा काढला: पाताता!
पगार झाला का, वनितानं विचारलं,
तर ही मध्येच, पागार म्हणजे पैसे देणं!
व्हिडिओतली दुकानदार मांजर तसंच म्हणते म्हणे.
मला हसू आलं.
शेठला सांगायला पाहिजे,
दोन्ही भाषांत थकलाय आता.

एक शब्द मात्र अडला. कुत्रा.
पेरो म्हटलं की बेडूक पाण्यात.
त्यांच्यात त्या र ला थरथर लागते,
नाहीतर कुत्र्याचा होतो 'पण'.
तीन जीव गेले त्या कुत्र्यापायी.
मला ती भाषा येत नाही. र येतो.
म्हटलं, म्हण, कापड टर्र फाटलं.
म्हण, काळजात चर्र झालं.
म्हण, चिमणी भुर्र उडाली.
आता तोच र कुत्र्याला लाव.
पेर्रो, ती म्हणाली,
आणि बेडूक पान सोडून थेट काठावर!
माझी चौथी पास. त्या रात्री मास्तर झालो.

रविवारी शेलारची स्कूटर मागून घेतली,
नेरूळच्या तळ्यावर नेलं तिला.
पाण्यात गुलाबी पायांची ही गर्दी,
काठावर एक साहेब, हातभर लेन्स लावून.
फ्लामेंको! ही ओरडली.
फ्लेमिंगो, बेटा, साहेब म्हणाला, नीट बोल.
ती माझ्याकडे पाहू लागली,
आता जीव कुणाचा कापणार, तशी.
मी काय सांगणार?
आमच्या जावळीत हा पक्षी येत नाही,
आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो.
म्हटलं, दोन्ही म्हण.
तिनं दोन्ही म्हटलं.
पक्ष्यांनी चिखलातून चोचही वर काढली नाही.
मग पलीकडे कुणाच्या तरी वरातीत फटाका वाजला
आणि सगळा थवा एकदम,
आम्ही दोघंही एकदम,
भुर्र!
साहेबाचा फोटो हुकला.

तुर्भ्याच्या सिग्नलला मागून आवाज आला,
बाबा, त्यांच्यात गोणीला काय म्हणतात?
बेडकाला विचार.
विचारलं कधीच. त्याच्या खेळात
आंबा आहे, विमान आहे, राजाची टोपी आहे,
गोणी अजून आलीच नाही.
बरंय, म्हटलं. येऊ नये.
हिरवा लागला. खांद्यावर तिची हनुवटी,
कानापाशी पुटपुट चालू:
दिव्याच्या खांबांना उनो, दोस, त्रेस,
आणि पुढचा आकडा अडला की
चार.