कपडे राखणारा

साखळ्यांखाली एकतीस वर्षं काढली मी,
रूरच्या खोऱ्यात, हेर्नेजवळच्या एका खाणीवर.
हुद्दा विचाराल तर: कपडे राखणारा.

दोन दालनं. एक पांढरं, एक काळं.
पांढऱ्यात माणूस घरचे कपडे काढायचा,
आकड्याला अडकवायचा, साखळी खेचायचा.
कोट, विजार, बायकोनं विणलेला स्वेटर
सरसर छतापाशी.
कुलूप लावून निघायचं मग, उघड्यानंच,
काळ्या दालनाकडे.
तिथे वरून खाली यायची त्याची दुसरी कातडी:
निळ्या रेघांचा सदरा, घामानं पापडासारखा कडक,
गुडघ्यांना चामडं, गळ्याला रुमाल.
शेवटी डोक्यावर रंग.
मुकादमाचं हेल्मेट पांढरं, खोदणाऱ्याचं पिवळं, फिटरचं निळं.
रंग चढला की आवाज बदलायचे.
मी ऐकलेत.

पण त्या मधल्या चाळीस पावलांत
खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी,
मुकादम लाबुडा कोण
आणि झोंगुलदाकहून आलेला नवखा सातिल्मिश कोण,
सांगता आलं नसतं.
टाचा दोघांच्याही फुटलेल्या.

पाळी सुटली की तेच दोघे शॉवरखाली
एकमेकांची पाठ घासायचे.
आपला हात आपल्या पाठीला पुरत नाही,
एवढा एकच कायदा तिथे कुठल्या फलकावर नव्हता.
पापण्यांच्या कडेचा कोळसा मात्र राहायचाच.
रविवारी चर्चबाहेर, चहाच्या दुकानात, फुटबॉलच्या मैदानावर
काजळ घातलेले बाप्ये दिसले
की समजावं, आपलेच.

आता त्या दालनात लग्नं लागतात.
साखळ्या ठेवल्यात, शोभेला.
निळ्या रेघांचा सदरा दुकानात मिळतो, मऊ, नवाकोरा.
परवा ट्राममध्ये एका पोराच्या अंगावर पाहिला.
विचारलं, कुठल्या खाणीवर?
म्हणाला, ऑनलाइन घेतला, आजोबा.
मी त्याच्या पापण्या बघितल्या. स्वच्छ.

मार्चमध्ये सातिल्मिश गेला. साखळी सहाशे बारा.
मशिदीमागच्या खोलीत त्याला न्हाऊ घालत होते.
शेजारी घडी करून ठेवलेलं
बिनशिवणीचं, बिननंबरचं पांढरं कापड.
बाहेर बाकावर मी आणि लाबुडा,
टोप्या मांडीवर.
मुलगा दाराशी आला, बाह्या ओल्या.
म्हणाला, पाठीवर एक निळा डाग आहे, निघतच नाही.

डाव्या खांद्याखाली ना, लाबुडा म्हणाला.
कोळसा आहे तो, कातडीच्या आत गेलेला.
राहू दे.
बारा वर्षं मीही घासून पाहिलाय.